दूर घराची योजना

आमच्याकडे भात दोनच वेळी शिजायचा, कुणाचं लग्न असलं की किंवा कुणी तापानं फणफणलं की. एरवी बाजरी. सकाळी बाजरीची भाकरी, संध्याकाळी बाजरीची भाकरी, आणि मधल्या वेळी भूक लागलीच तर सकाळचीच भाकरी कांद्याबरोबर. त्यामुळे आमच्या घरातून भाताचा वास पहिल्यांदा ऐन मंगळवारी बाहेर पडला, तेव्हा तो शेजारच्या छबूनानीच्या नाकात शिरायला एक भाकरी उलटण्याइतकाही वेळ लागला नाही. नानी कमरेवर हात ठेवून आमच्या दारात उभी राहिली. आधी चुलीकडे, मग माझ्याकडे, मग आईकडे बघून म्हणाली, "कोन आजारी हाय गं सुमे?" आई म्हणाली, "कोन न्हाई." "मंग कुनाचं लगीन हाय?" "न्हाई वं नानी. रेशनचा तांदूळ हाय." नानीनं एवढं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता ती निघून गेली. नानी न बोलता गेली याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

आमची वस्ती गावापासून लांब, माळावर. गाव पाथर्डीच्या अंगाचं, कोरडं. दिवाळी झाली की टेम्पो यायचे आणि भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन निम्मं गाव ऊसतोडीला निघून जायचं. नानीचा नवरा, दोन मुलं, दोन सुना सगळी जायची. मागे उरायची नानी, तिच्या सहा शेळ्या आणि तिची जीभ. माळावर घरं दोनच, तिचं आणि आमचं, त्यामुळे त्या जिभेला सहा महिने काम पुरवायची जबाबदारी आई आणि मी अशा आम्हा दोघींवर पडायची. आईसुद्धा पूर्वी तोडीला जायची. वडील कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. मी दुसरीत असताना ते घरी आले ते अंथरूण धरूनच, आणि पावसाळ्यात गेले. पुढच्या हंगामाला आई एकटीच गेली, पण उसाची मोळी डोक्यावर घेताना तिला भोवळ आली आणि मुकादमानं तिला तिथूनच परत पाठवलं. तेव्हापासून ती लोकांच्या रानात खुरपायला जायची, ज्या दिवशी अंगात ताप नसेल त्या दिवशी.

मी हुशार होते. हे मी म्हणत नाही, गाव म्हणायचं, आणि मी त्याला कधी विरोध केला नाही. सातवीत होते, अक्षर मोत्यासारखं होतं, आणि निम्म्या गावाचे अर्ज माझ्या हातून जायचे. वीज तोडू नका म्हणून अर्ज, सातबारावरचं नाव दुरुस्त करा म्हणून अर्ज, एकदा तर रुसून बसलेल्या जावयाला लिहिलेलं पत्रसुद्धा मी सवयीनं 'अर्ज करतो की' असं सुरू केलं होतं. दुसऱ्याचं सगळं वाचायची सवय लागलेली मुलगी घरातली पत्र्याची पेटी उघडल्याशिवाय राहणार नव्हती. पाचवीत असतानाच, आई खुरपायला गेली होती तेव्हा, मी ती उघडली. तळाशी फडक्यात बांधलेले कागद होते. वरचा कागद मी वाचला. त्यावर आईचं नाव होतं, नगरच्या सरकारी दवाखान्याचा शिक्का होता, आणि इंग्रजीतली तीन अक्षरं होती. तीच तीन अक्षरं आमच्या शाळेच्या भिंतीवर लाल फितीच्या चित्राखाली रंगवलेली होती, त्यामुळे ती ओळखायला मला काही जड गेलं नाही. बाहेर पावलं वाजल्यासारखं झालं म्हणून मी घाईघाईनं गाठ मारली आणि पेटी बंद केली.

शेजारच्या एका गावात अशाच एका बाईला हातपंपावर येऊ देत नव्हते. तिचा मुलगा शाळेत सगळ्यांपासून वेगळ्या पोत्यावर बसायचा, असं आमच्या वर्गातली मुलंच सांगायची, आणि सांगताना हसायची. मी त्यांच्याबरोबर हसले होते. पेटी बंद केल्यावर मला पहिल्यांदा ते हसणं आठवलं. त्या दिवसापासून आईचं गुपित सांभाळायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं, आणि ते मी फार चोख करते असा माझा समज होता. आईशी त्याबद्दल मी एक अक्षर बोलले नाही, आणि तीही बोलली नाही.

महिन्यातून एकदा आम्ही दोघी एसटीनं नगरला जायचो, गोळ्या आणायला. गोळ्या मलाही होत्या, पण त्या ताकदीच्या. तुझं अंग पैल्यापासूनच कवळं हाय, असं आई म्हणायची. तिच्या गोळ्या अख्ख्या असायच्या आणि माझ्या अर्ध्या तोडलेल्या, एवढ्या एका पुराव्यावर मी ठरवून टाकलं होतं की त्या वेगळ्या आहेत. वाचणाऱ्यानं इथं हसायला हरकत नाही. मी तर हसतेच. गावातली सगळ्यांत हुशार मुलगी ती, तिच्याविषयी मी आणखी काय बोलणार.

गोळ्यांचा हट्ट एकच होता, पोटात काहीतरी पाहिजे. रिकाम्या पोटी घेतल्या की आईला मळमळायचं, ती मागच्या बाजूला बोरीच्या झुडपापाशी जाऊन ओकायची, आणि परत येऊन सांगायची की चुलीच्या धुरानं डोकं उठलं. खुरपणीची कामं संपली की घरात पीठ कमी व्हायचं, मग ती स्वतः जेवल्याचं नाटक करायची आणि नंतर गोळी घेऊन ओकायची. शेवटी तिनं गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. हे दवाखान्यातल्या ताईंच्या लक्षात आलं. त्या ताई गोळ्यांच्या खिडकीशेजारच्या खोलीत बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायच्या. त्यांनी विचारलं, "जेवणात काय असतं?" आई म्हणाली, "भाकर." "आणि भाकरीबरोबर?" आईनं जरा विचार केला आणि खरं ते सांगून टाकलं, "पानी." ताईंनी पेन खाली ठेवलं, एक फॉर्म काढला आणि स्वतःच भरायला घेतला. अशा आजाराच्या माणसांना सरकार अंत्योदयचं पिवळं कार्ड देतं, महिन्याला पस्तीस किलो गहू-तांदूळ मिळतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कार्ड हातात पडेपर्यंत दोन-तीन महिने आणि बरेच हेलपाटे गेले, पण पडलं.

पहिला भात आईनं बिघडवला. तिला भात यायचा तो लग्नाच्या पातेल्यातला, शे-दोनशे माणसांचा, नाहीतर तापातल्या माणसाची पातळ पेज. दोघींचा भात म्हणजे पाणी किती, हे तिला ठाऊक नव्हतं. खाली करपला, वर पेज झाली, आणि आम्ही दोन्ही खाल्लं. गव्हाच्या चपात्या तिला नीट यायच्या, पण ऐन बुधवारी चपाती करायची म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटायचं, म्हणून ती दार लोटून लाटायची. काही दिवसांनी तिनं थोडे गहू गावातल्या एकीला देऊन बदल्यात बाजरी घ्यायला सुरुवात केली, आणि मग आमचं घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. पण मुख्य गोष्ट वेगळीच. बोरीच्या झुडपापाशी जाणं बंद झालं. गोळ्या रोज पोटात टिकायला लागल्या. संक्रांतीच्या आसपास आईच्या चोळीच्या बाह्या हातावर पुन्हा घट्ट बसायला लागल्या, आणि एके दिवशी भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणत होती. मी मुद्दाम आवाज न करता दारातच थांबले. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आता फळ्याविषयी. गावातलं रेशनचं दुकान तात्या चालवायचे, आणि तात्या हा नियमाचा माणूस होता. अंत्योदयवाल्यांची यादी दुकानाच्या फळ्यावर लावा असं त्यांना वरून सांगण्यात आलं होतं. दुसऱ्या कुणी नुसती नावं लिहिली असती. तात्यांनी कचेरीतून आलेला कागद जसाच्या तसा उतरवला, शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यासकट. कुणाच्या पुढे 'विधवा', कुणाच्या पुढे 'अपंग'. आईला वाटत होतं की तिच्या पुढे 'विधवा' असेल, आणि ते ऐकायची तिला सवय झालेली होती. पण कार्ड दवाखान्याच्या चिठ्ठीवर निघालेलं, म्हणून कागदावर 'दुर्धर आजार' असं होतं. फळ्याची कड जवळ आली म्हणून तात्यांनी 'आजार' गाळला. रफार त्यांना शाळेतही कधी जमला नव्हता, म्हणून र त्यांनी सरळ ओळीत उतरवला. राहिला ध. डोक्यावरची रेघ जोडली की घ आणि मोकळी सोडली की ध, हा भेद तात्यांनी कधी मानलाच नाही, ते काम ते खडूवर सोपवायचे. त्या दिवशी खडूनं रेघ जोडली.

मी पोतं घेऊन रांगेत उभी होते. ताईंच्या फॉर्मवर वाचलेल्या दुर्धर या शब्दाचा अर्थ मी आमच्या मराठीच्या बाईंना आधीच विचारून ठेवला होता, त्यामुळे फळ्यावर आईच्या नावापुढे द आणि र दिसताच मी मान खाली घातली. माझ्या मागे एक म्हातारे आजोबा होते. त्यांनी डोळे बारीक करून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, "दु, र, घ, र." आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं समजावून सांगितलं, "दूर घर. सुमन माळावर ऱ्हाती ना, लई लांब पडतं तिला. म्हनून सरकारनं दिलंय." रांगेनं माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं की सरकार आता बारकाईनं बघायला लागलंय. मी पेलेल तेवढंच धान्य पोत्यात भरून डोक्यावर घेतलं आणि माळापर्यंत जवळजवळ पळतच आले. आईला सांगितलं, तर ती चुलीपुढे बसून हसायला लागली, आणि पदर तोंडात कोंबूनही तिचं हसू थांबेना. मी तिला 'दुर्धर'चं 'दूर घर' झालं असं सांगितलं होतं, म्हणजे मला काय माहीत आहे ते तिला आता कळलं, असं मला वाटलं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही दोघी फक्त हसलो.

पण छबूनानीचं घर आमच्या घराच्या पलीकडे होतं. गावाकडून येताना आधी आमचं घर लागायचं आणि मग तिचं. दूर घराची योजना आहे आणि ती अलीकडच्या घराला मिळते, पलीकडच्याला मिळत नाही, हा अन्याय नानी पोटात ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिनं मारुतीच्या पारापासून अंतर मोजलं. पावलांनी. आमच्या घरापर्यंत ती ढांगा टाकत यायची आणि तिथून स्वतःच्या घरापर्यंत एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवत जायची, त्यामुळे हिशेब तिच्या मनासारखा भरला, चाळीस पावलं. हे कुणी ऐकेना म्हणून तिनं गवंड्याचा टेप मागून आणला आणि त्याचं एक टोक धरायला कुणाला बोलवावं, तर आईला. आई बिचारी टेप धरून आमच्या उंबऱ्यावर उभी, आणि नानी दुसरं टोक ओढत शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत. घराचं दार अलीकडे होतं, गोठा पलीकडे, पण गोठाही घरातच धरतात असं तिचं म्हणणं पडलं. "वढ गं सुमे, ढिला सोडू नगंस," ती तिकडून ओरडायची, आणि आई हसू दाबत टेप ओढायची.

नानीला तो गहू खरोखरच हवा होता, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. मला ती नुसती हावरट वाटायची. आज विचार करते तेव्हा आठवतं की तोडीची माणसं परत येईपर्यंत तीही कित्येकदा ताकात भाकरी कुस्करून एका वेळेवर भागवायची, आणि दुसऱ्या वेळेला शेळ्या चारायच्या निमित्तानं घराबाहेर राहायची. पण बारा वर्षांच्या मुलीला फक्त शेजारणीची जीभ दिसते.

नानीचं बघून दुसऱ्या वस्त्यांवरच्या बायाही तात्यांच्या दुकानात जमायला लागल्या. आमचंही घर दूर आहे म्हणून. तात्या कंटाळले आणि म्हणाले, हे ग्रामसभेत काढा, ग्रामसेवक भाऊसाहेब काय ते बघतील. सभा आठ दिवसांवर होती. नानीला तेवढा दम कुठला. ती माझ्याकडे आली, "संगे, अर्ज लिवून दे. बाजारच्या दिवशी मी सोता कचेरीत नेऊन देती." मी म्हणाले, वहीत पान नाही. ती पान घेऊन आली. मी म्हणाले, पेनातली शाई संपली. ती पेन घेऊन आली. मी म्हणाले, माझा हात दुखतोय. ती म्हणाली, "मंग बोल, तात्याकडून लिवून घेती." तात्या आणि नानी एकत्र बसून त्या शब्दाचा खल करणार, या कल्पनेनंच माझा हात बरा झाला. मी लिहायला बसले. 'अर्ज करते की, माझे घर सदर महिलेच्या घरापेक्षा चाळीस पावले पुढे असून' इथपर्यंत ठीक होतं. पुढे योजनेचं नाव आलं आणि माझी पंचाईत झाली. दूर घर लिहावं तर कचेरीत म्हणतील अशी योजनाच नाही, आणि मग आईला कशी मिळाली याची चौकशी निघेल. दुर्धर लिहावं तर अर्थच उघडा पडेल. मी बराच वेळ पेन चावत बसले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा घाणेरडं अक्षर काढलं. डोक्यावरची रेघ अर्धी जोडली आणि अर्धी सोडली, ज्याला जे वाचायचं ते त्यानं वाचावं. मोत्यासारख्या अक्षरांच्या त्या अर्जात तेवढं एकच अक्षर डांबराच्या डागासारखं दिसत होतं. नानीनं कागद उलटा धरून कौतुकानं बघितला आणि कमरेला खोचला.

बाजारच्या दिवशी ती जीपनं तालुक्याला गेली. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं, कारण मला खात्री होती की माझी युक्ती चालणार. ऊन उतरायच्या सुमाराला जीप माळाखाली थांबली. नानी उतरली आणि शेळ्यांकडे न जाता सरळ आमच्याकडे आली. एरवी ती चुलीपाशी येऊन बसायची आणि आधी चहा मागायची. त्या दिवशी उंबऱ्याच्या बाहेरच टेकली. आई पीठ मळत होती. ती म्हणाली, "पानी देऊ का नानी?" नानी म्हणाली, "नगं."

"कचेरीत गेल्ते," ती म्हणाली. "तिथला मानूस कागद वाचून म्हनला, बाई, तुमाला कोन्ता आजार हाय? म्या म्हनलं, आजार कसला, घर लांब हाय माजं. तर समदी हसाया लागली. मंग एक बाई हुती तिथं, शानी. तिनं मला बाजूला बसवून दुर्धर म्हंजी काय ते नीट सांगितलं. कोन्त्या कोन्त्या आजाराला ते कारड भेटतं, तेबी सांगितलं."

आईचा हात पिठात तसाच राहिला. मी पुढे झाले. अशा वेळी काय बोलायचं ते मी दोन वर्षांपासून तयार ठेवलं होतं. "नानी, आईला ना, दमा आहे," मी म्हणाले. "जुना दमा. तोही त्यातच येतो."

नानीनं माझ्याकडे बघितलं. "आसंल बाई. पर दमा तुझ्या आईला, आन दर म्हैन्याला साळा बुडवून तुला कशापायी नेती ती नगरला?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. माझ्या ताकदीच्या गोळ्या आणायला. मी ते बोलायला सुरुवातही केली. "माझ्या ता..." एवढं बाहेर आलं, आणि पुढचं आलं नाही. अर्धी गोळी माझ्या डोळ्यांपुढे आली. नंतर नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर, जे आईचं वजन करून झालं की माझंही करायचे. मग पेटीतल्या फडक्यात वरच्या कागदाखाली असलेला दुसरा कागद, जो मी उघडलाच नव्हता. जिला गाव अडाणी समजायचं, कागद उलटा धरणाऱ्या त्या बाईनं जे एका वाक्यात जोडलं होतं, ते मला दोन वर्षांत जोडता आलं नव्हतं. मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"पोरीला ठावं न्हवतं व्हय गं?" नानी हळूच म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि आपल्या घराकडे गेली. कुणाला सांगेन म्हणाली नाही, सांगणार नाही असंही म्हणाली नाही.

आईनं हात धुतले नाहीत. पीठ लागल्या हातांनीच ती माझ्यापुढे बसली. "मला वाटलं तू वाचलंस," ती म्हणाली. "पेटीतल्या फडक्याची गाठ बदलली हुती. तू डावरी, तुझी गाठ उलटी पडती. मला वाटलं, पोरीनं दोनी कागद वाचले. बरं झालं, आपल्या तोंडानं सांगायला नगं, आसं वाटलं मला. तू काय बोलली न्हाईस, मंग मीबी न्हाई बोलले." मी रागावले होते. तिच्यावर, स्वतःवर, वडिलांवर, आणि त्या आजोबांवरसुद्धा, ज्यांनी फळा वाचला होता. रडत रडत मी तिला विचारलं की मी मरणार का. आईनं पिठाच्या हातानंच माझं तोंड पुसलं, त्यामुळे ते आणखीच माखलं. "मरायचंच आसतं," ती म्हणाली, "तर दर म्हैन्याला येवढं वझं डोक्यावर वाहून कशाला आनलं आसतं मी? ऊठ. ताट घे."

मी ताट घेतलं. लहानपणी मी जेवढी वर्षं जगेन असं धरलेलं होतं, त्याच्या कितीतरी पट आता जगून झाली आहेत. आता दिवसाला एकच गोळी असते, अख्खी. माझ्या वयाची माणसं अजून आठवणी लिहायला बसत नाहीत, असं माझा नवरा मला चिडवतो. मी त्याला सांगते की माझ्या हिशेबानं मी केव्हाच म्हातारी झाले, तेव्हा म्हातारीला लिहू दे.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. धडधाकट माणसं उसाला गेलेली, म्हणून म्हातारेकोतारे आणि बायाच जास्त. आई येत नव्हती, मीच तिला ओढून नेलं, कारण आपल्या पाठीमागे काय बोललं गेलं याचा विचार करत घरी बसणं मला जास्त अवघड वाटत होतं. त्या चार-पाच दिवसांत नानी आमच्या दाराशी आली नव्हती. गावात मात्र कुणाची नजर बदललेली दिसत नव्हती, आणि त्यामुळे मला आणखीच भीती वाटत होती. हातपंपाचा विषय झाला, स्मशानाच्या वाटेचा झाला, आणि मग एक बाई उठली. "भाऊसायेब, ते दूर घराचं काय झालं? आमीबी वस्तीवर ऱ्हातो." भाऊसाहेब म्हणाले की अशी योजना त्यांच्या ऐकण्यात नाही, तरी ते तालुक्याला लेखी विचारून घेतील आणि उत्तर पुढच्या सभेत वाचून दाखवतील. आईचा हात माझ्या हातात होता.

तेवढ्यात मागून नानी उठली. "लेखी कशाला इचारता," ती म्हणाली. "मी सोता कचेरीत जाऊन आले. दूर घराचीच योजना हाय ती. पर गावात येकाच घराला भेटती, जे समद्यात लांब आसंल त्याला. सुमनचं घर समद्यात लांब हाय. मिटलं."

सभेत कुजबुज झाली. तात्याच म्हणाले, "नानी, तूच तर म्हनत हुतीस, माजं घर चाळीस पावलं फुडं हाय. टेप घेऊन हिंडत हुतीस ना गावभर?"

"टेप उलटा धरला हुता म्या," नानी म्हणाली. "सरळ धरून पुना मोजलं. तिचंच घर लांब भरतंय."

भाऊसाहेबांनी पेन उचललं होतं. त्यांनी नानीकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा विषय घेतला. सभा संपल्यावर नानी तात्यांच्या दुकानापाशी थांबली, फळ्याला पाठ टेकवून इकडून तिकडे अंग घासलं, आणि तात्या ओरडले तेव्हा म्हणाली की पाठ खाजत होती. तिच्या निळ्या लुगड्यावर आईचं नाव पुसटसं उमटलं होतं. पस्तीस किलोवरचा आपला हक्क तिनं सगळ्यांदेखत सोडून दिला होता, आणि त्या हंगामातही माणसं परत येईपर्यंत ती एका वेळेवरच राहिली.

यावरून कुणी नानीला देवी समजू नये. गावाला तिनं शेवटपर्यंत कळू दिलं नाही, हे खरं. पण तिला भीती वाटत होती, आणि ती लपवायची अक्कल तिला नव्हती. त्या दिवसापासून ती आमच्याकडे यायची, तासन्‌तास बसायची, पण उंबऱ्याच्या बाहेर. चहा पुढे केला की म्हणायची पित्त झालंय. पाणी दिलं की म्हणायची आत्ताच पिऊन आले. भात शिजला की नाकपुड्या फुगवून वास घ्यायची आणि म्हणायची, पित्ताला भात चालत न्हाई. जगात कुणाला झालं नसेल असं ते पित्त वर्षभर टिकलं. आई दर वेळी कप पुढे करायची आणि दर वेळी तो तसाच आत घेऊन यायची. मला संताप यायचा. एकदा मी म्हणाले, कशाला विचारतेस तिला? आई म्हणाली, "इचारायचं माझ्याकडं हाय. घ्यायचं तिच्याकडं."

पुढच्या वर्षी तोडीची माणसं गेल्यावर एका दुपारी नानी माळावरून शेळ्या घेऊन आली. आमचं जेवण चाललं होतं, भात आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. ती नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर टेकली. आईनं मान वर करून बघितलं. मग नानी उठली, उंबरा ओलांडून आत आली, आईच्या समोर मांडी घातली, आणि दुसरं ताट घ्यायची वाट न बघता आईच्याच ताटातला भात कालवायला लागली. "नानी," आई म्हणाली, "पित्त बरं झालं का?"

"न्हाई झालं," घास तोंडात घालत नानी म्हणाली. "पर भूक लागली."